मेंदूपर्यंत पोचत नाही

महादेवराव धोट्यांनी त्या दिवशी लेकीसाठी आणलेली अंडी उकडलेली होती.

शोभाला ते आधी कळलंच नाही. नेहमीसारखी तिनं बापाच्या हातातली बादली घेतली, वरचा कापूस बाजूला सारला आणि एकेक अंडं पुसून उबवणीच्या पेटीत मांडायला लागली. एक हातातून निसटलं, फरशीवर आपटलं आणि फुटलं नाही. नुसतं एका बाजूनं चेपलं. तिनं ते उचलून पाहिलं. मग बादलीतलं दुसरं फोडलं, तिसरं फोडलं. आत घट्ट पांढरं, मधे पिवळा गोळा.

बाहेर व्हरांड्यात महादेवराव स्टुलावर बसून बशीतून चहा पीत होते.

"बाबा, अंडी कोणी उकडली?"

"कोनती अंडी?"

"तुम्ही आणली ती."

त्यांनी बशी खाली ठेवली आणि जरा विचार केला. "खाले आणली ना, बाई. दिवसभर उभी राह्यतं तू इथं. भूक लागत असंन."

शोभा हसली. प्रयोगशाळेतला मदतनीस प्रेमदास, तोही हसला. आठवडाभराचा प्रयोग बुडाला होता, पण बापानं भुकेची काळजी केली म्हटल्यावर रागवायचं काय! १९८१ साल होतं ते. महादेवराव पंचावन्नचे होते, केस अजून निम्मे काळे होते.

तळेगावला श्यामजी पंतांचं तळेगाव म्हणतात, तिथे धोट्यांची संत्र्याची नर्सरी होती. जंबेरी लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा भरावा तर तो महादेवरावांनीच, असं आष्टीपासून वरुडपर्यंतचे बागाईतदार म्हणत. चाकूनं सालीला चीर द्यायची, डोळा आत सरकवायचा, पट्टी गुंडाळायची. त्यांचा हात चालायला लागला की बोलणं बंद. याच माणसानं मोठ्या पोरीला नागपूरला कॉलेजात घातलं आणि पुढे मुंबईला एका संशोधन संस्थेत पाठवलं. भावकीतल्या लोकांनी विचारलं, "पोट्टीचं लगन कधी करता?" तेव्हा ते म्हणाले होते, "तिले विचारा." शोभाला कुणी विचारलं नाही. लग्नही झालं नाही. ती परत आली ती वर्ध्याजवळच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राची व्याख्याती होऊन.

मुंबईत ती एका प्रथिनावर काम करायला शिकली होती. नर उंदराच्या लाळग्रंथीत ते भरपूर असतं, नागाच्या विषातही असतं. आठ-नऊ दिवसांच्या कोंबडीच्या गर्भातून, मणक्याच्या बाजूला असणाऱ्या मज्जापेशींच्या बारीक गाठी काढायच्या आणि काचेच्या तबकडीत ठेवायच्या. नुसत्या ठेवल्या तर त्या पेशी दोन दिवसांत मरतात. त्यात या प्रथिनाचा थेंब टाकला तर जगतात. जगतात एवढंच नाही, त्यांना चारी बाजूंनी धागे फुटतात, सूर्यफुलासारखे. तिनं ते पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा तिला जेवण सुचलं नव्हतं.

वर्ध्यात परत आल्यावर तिनं हेच काम पुन्हा मांडलं. वीज हवी तेव्हा जायची, उबवणीची पेटी थंड पडायची, मागवलेली रसायनं महिनोन् महिने यायची नाहीत. शिवाय तिला कोंबडा फिरलेली, म्हणजे आत गर्भ धरणारी, देशी अंडी लागत आणि ती बाजारात खात्रीनं मिळत नसत. ते काम महादेवरावांनी स्वतःकडे घेतलं. गावातल्या दोन-तीन घरांतून ताजी अंडी गोळा करून, बादलीत कापसात रचून, ती मांडीवर धरून ते एसटीनं आर्वीला यायचे आणि तिथून दुसरी गाडी धरून वर्ध्याला. घरात मायला, म्हणजे देवकाबाईंना, अंड्याचा विटाळ. त्यांच्या चुलीवर अंडं कधी चढलं नव्हतं. तरी बादली त्या स्वतः धुवून द्यायच्या.

एकदा शोभानं वडलांना सूक्ष्मदर्शकातून ते धागे दाखवले होते. त्यांनी एक डोळा मिटून, तोंड उघडं ठेवून कितीतरी वेळ पाहिलं.

"हे आपल्या मेंदूतबी असते?"

"असंच काहीतरी असतं. आईच्या पोटात असताना आपल्या अंगात मज्जापेशी लागतात त्यापेक्षा जास्ती तयार होतात, बाबा. मग त्या धागे सोडतात, जिथं पोचायचं तिथं पोचायला बघतात. जी पोचली तिला तिथून हे प्रथिन थोडं थोडं मिळतं. ती जगते."

"आन् जी नाई पोचली?"

"ती मरते."

"कोन मारते तिले?"

"कोणी नाही. ती आपली आपणच मरते. मिळालं नाही की आतल्या आत मिटून जाते."

महादेवराव सूक्ष्मदर्शकापासून बाजूला झाले. "मंग इतक्या बनवते काऊन देव?" ते म्हणाले. शोभा एवढंच म्हणाली की मोठं झाल्यावरसुद्धा काही पेशींना हे रोज लागत असावं, जन्मभर, पण ते अजून नक्की कळलेलं नाही.

उकडलेल्या अंड्यांची गोष्ट तिनं सुटीत घरी गेल्यावर मायला हसत सांगितली. देवकाबाई हसल्या नाहीत.

"अंगणातल्या चुलीवर तुह्या बाबायनंच पाण्याचा गंज चढवला होता पहाटी," त्या म्हणाल्या. "मले वाटलं आंघोळीचं पाणी तापवून राह्यले." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "परवा कमलाबाई सांगत होती. यायनं डोळे उलटे भरले."

कमलाबाई नर्सरीत कलमांना पट्ट्या बांधायला यायची. एका सकाळी महादेवरावांनी भरलेली अख्खी ओळ तिनं पाहिली तर प्रत्येक डोळा खालची बाजू वर करून बसवलेला. तिला आधी वाटलं, काही नवीन पद्धत असेल. तिनं विचारलं तर ते तिच्यावर ओरडले. जन्मात कुणा बाईमाणसावर न ओरडलेला माणूस. नंतर चाकू हातात धरून ते त्या ओळीशी उभेच राहिले.

त्यानंतर सगळं उताराला लागलं. अंडी आणणं शोभानं बंद करवलं. म्हणाली, आता वर्ध्यातच मिळतात. पण एकदा ते कुणाला न सांगता रिकामी बादली घेऊन निघाले. आर्वीला वर्ध्याची गाडी समजून पुलगावच्या गाडीत बसले आणि रोहण्याला उतरले. दिवसभर तिथे एका दुकानाच्या ओट्यावर बसून होते. दुकानदारानं, रूपराव नावाच्या भल्या माणसानं, गाव विचारलं तर सांगता येईना. लेक काय करते विचारलं तर मात्र चटकन म्हणाले, "मेल्या पेशी जित्या करते." रूपरावांना वाटलं माणूस भ्रमिष्ट आहे. खिशात तळेगावच्या गाडीचं तिकीट सापडलं म्हणून त्यांनी निरोप धाडला आणि शोभाचा धाकटा भाऊ बंडू जाऊन घेऊन आला.

शोभा त्यांना नागपूरला घेऊन गेली. तिथल्या मज्जारोगतज्ज्ञानं प्रश्न विचारले. आजचा वार कोणता? महादेवराव लेकीकडे बघायचे. हा कोणता महिना? लेकीकडे. शंभरातून सात गेले किती? ते हसले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हिशोब पोट्टा पाह्यतो." बाहेर आल्यावर डॉक्टरांनी शोभाला मोकळेपणानं सांगितलं. मेंदूतल्या पेशी मरताहेत. वय इतकं कमी, म्हणजे वेगानं मरतील. औषध नाही. "तुम्ही याच क्षेत्रातल्या, तुम्हाला काय सांगू," असंही ते म्हणाले, आणि ते तिला सर्वांत जास्त लागलं.

पुढची वर्षं ती शनिवारी गावी यायची आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परतायची. दर शनिवारी बापाचा एखादा तुकडा कमी झालेला असायचा. आधी माणसांची नावं गेली. मग धोतर नेसणं गेलं. मग घासाचं काय करायचं ते. देवकाबाई वरणभात कालवून भरवायच्या आणि ते घास गालात धरून बसायचे. "गिळा न जी," त्या म्हणायच्या. "गिळा." नर्सरी बंडू बघायचा. तो मेहनती होता, पण त्याच्या हाताला बापाची सफाई नव्हती आणि येणारे बागाईतदार तसं तोंडावर बोलून दाखवायचे.

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात परदेशी नियतकालिकं बोटीनं यायची, चार-सहा महिने शिळी. शोभा ती उभ्यानं वाचायची. पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमारास त्यांतून एक नवीनच गोष्ट यायला लागली. तिचं हे प्रथिन, ज्याला लोक इतके दिवस हातापायांच्या नसांपुरतं समजत होते, ते मेंदूच्या तळाशी असणाऱ्या काही पेशींनाही जगवतं. आणि या आजारात आधी मरतात त्यांत नेमक्या याच पेशी होत्या, स्मरणाशी संबंध असलेल्या. कुणीतरी उंदरांच्या मेंदूत तशा पेशींचे धागे कापून, मग नळीनं हे प्रथिन मेंदूतच सोडलं होतं. मरायला हव्या होत्या त्या पेशी मोठ्या संख्येनं जगल्या होत्या.

तिनं तो अंक मिटला, परत उघडला. तिच्या प्रयोगशाळेतल्या शीतकपाटात, बर्फाच्या कप्प्यात, उंदरांच्या ग्रंथींतून काढून शुद्ध केलेलं ते प्रथिन एका बोटाएवढ्या कुपीत पडलेलं होतं. तिनं स्वतः केलेलं. मधे अंतर होतं ते एका कवटीच्या हाडाचं आणि रक्तवाहिन्यांच्या एका अस्तराचं. रक्तातली मोठे रेणू असलेली द्रव्यं ते अस्तर मेंदूत जाऊ देत नाही. प्रथिन तर नाहीच.

ती पुन्हा नागपूरला गेली, या वेळी मेंदूच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या एका वयस्क डॉक्टरांकडे. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. तिनं आणलेला लेखही वाचला.

"बाई, हे तुम्ही उंदरातून काढलंय," ते म्हणाले. "त्यात दुसरं काय काय आलं असेल? माणसाच्या मेंदूत हे कुणी सोडलंय का आजवर?"

"नाही."

"मग मी तुमच्या वडलांच्या डोक्याला भोक पाडून हे आत सोडावं, असं तुम्ही मला म्हणताय. माझे वडील असते तरी मी केलं नसतं."

ते बरोबर बोलत होते आणि ते तिला माहीत होतं. परतताना गाडीत तिला रडू आलं नाही. नुसतं थकल्यासारखं झालं.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी वर्तमानपत्रात बातमी आली. मज्जातंतूंना वाढवणाऱ्या द्रव्याच्या शोधासाठी परदेशातल्या दोन शास्त्रज्ञांना जगातला सर्वांत मोठा पुरस्कार. खाली कुणा उत्साही वार्ताहरानं जोडलं होतं की आता विसराळूपणाच्या आजारावर इलाज दूर नाही. बंडूनं ती बातमी तळेगावच्या स्टँडवर चहा पिताना वाचली आणि पेपर विकत घेऊन घरी आला. शोभा दिवाळीला आली तेव्हा तो पेपर देवघराच्या कोनाड्यात घडी करून ठेवलेला होता.

"ताई, हे तेच ना?" बंडूनं विचारलं. "तू करतं तेच?"

"तेच."

"तुह्यापाशी आहे ते?"

शोभानं खोटं बोलायला हवं होतं असं तिला नंतर कैकदा वाटलं. त्या क्षणी ती म्हणाली, "आहे. पण त्याचा उपयोग नाही."

"आहे!" बंडूचा चेहरा बदलला. "मंग बाबाले काऊन देत नाई? पाच वर्षं झाले, हा माणूस आमच्या डोळ्यादेखत माती होऊन राह्यला आन् औषध तुह्या फ्रीजमंधी?"

"ते औषध नाही, बंडू. पोटातून दिलं तर डाळीसारखं पचून जातं. सुईनं रक्तात दिलं तर मेंदूपर्यंत पोचत नाही. पोचतच नाही."

"तू देऊन पाह्यलं?"

"नाही."

"मंग तुले कसं मालूम?"

तिनं समजावलं. रक्तवाहिन्या, अस्तर, रेणूचा आकार. कागदावर काढून दाखवलं. बंडू ऐकत होता आणि त्याच्या डोळ्यांत दिसत होतं की त्याला यातलं काही पटत नाही. शिकलेली माणसं काही करायचं नसलं की असं बोलतात, एवढंच त्याला कळत होतं. देवकाबाई दाराशी बसून वाती वळत होत्या. शोभा परत निघाली तेव्हा तिला सोडायला फाटकापर्यंत आल्या आणि तिच्या हाताला धरून म्हणाल्या, "मले तुहं शास्त्र समजत नाई, माय. पण देवाले नवस करतो आपण, तो पोचते का नाई ते पाहून करतो का? तू एकडाव देऊन पाह्यजो."

त्यानंतर दर शनिवारी तेच. बंडू बोलेनासा झाला. ती आली की नर्सरीत निघून जायचा. माय नुसती तिच्या पिशवीकडे बघायची. आणि खाटेवर बाप, हाडांवर नुसतं कातडं राहिलेला, छताकडे तोंड करून पुटपुटत असायचा. एकदा त्यांनी तिचा हात घट्ट धरून ठेवला, सोडेनात. ती वाकून म्हणाली, "बाबा, मी शोभा." त्यांनी मान हलवली. "शोभा वर्ध्याले राह्यते," ते म्हणाले. "तिले बलवा."

जानेवारीत ती ते घेऊन आली.

का आणलं, हे तिला कुणी विचारलं असतं तर धड सांगता आलं नसतं. आजारी मेंदूत ते अस्तर विरलेलं असू शकतं, एखादा अंश आत झिरपू शकतो, असं ती गाडीत स्वतःला सांगत होती. तसं कुठे ठाम छापलेलं नव्हतं. वर्गात कुणा विद्यार्थ्यानं असला तर्क केला असता तर तिनं त्याला उभं केलं असतं. पण पाच वर्षं ती बरोबर वागत आली होती आणि बरोबर वागून बाप मरत होता.

दुपारची वेळ होती. खाट अंगणात उन्हाला आणली होती. शोभानं आधी अगदी थोडं दिलं, दंडात, कातडीखाली. अंगावर काही उठतं का ते बघायला. काही उठलं नाही. देवकाबाईंनी नवऱ्याच्या कपाळाला अंगारा लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी महादेवरावांनी बंडूच्या मुलीकडे बघून "चिमणे" म्हटलं. ते शोभाला लहानपणी तसं म्हणत. कुणाला म्हणाले कोण जाणे, पण बंडूच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ताई, लागू पडून राह्यलं!" तो म्हणाला. दिवाळीनंतर पहिल्यांदाच त्यानं तिला ताई म्हटलं होतं. "पाह्य, मी म्हणत होतो ना! आज जास्तीचं दे."

एका दिवसात, इतक्या थोड्यानं काही होत नसतं हे शोभाला ठाऊक होतं. पण बंडूनं तिचा हात धरला होता, माय हसत होती, आणि तिला स्वतःलाही ते "चिमणे" ऐकू आलं होतं. तिनं कुपीतलं उरलेलं सगळं दिलं.

दिवस कलायच्या आत महादेवराव कण्हायला लागले. आधी जबडा धरला. बायकोनं पाण्याचा पेला ओठाला लावला तर एक घोट गिळताना किंचाळले. मग दंड, मग पाठ, मग मांड्या. सदरा अंगाला घासला तरी ओरडायचे. देवकाबाईंनी पाठीवरून हात फिरवायला घेतला तर त्यांनी तो झिडकारला आणि खाटेच्या कडेला अंग चोरून बसले, मार खाणाऱ्या जनावरासारखे. कुठे दुखतं ते सांगायला त्यांच्याजवळ शब्द उरले नव्हते. आणि दुखतंय हे ते क्षणभरात विसरत, त्यामुळे प्रत्येक कळ त्यांना नवी होती, प्रत्येक वेळी तितकंच आश्चर्य, तितकीच भीती.

"मारून काऊन राह्यले मले?" ते विचारायचे. "म्या काय केलं?"

शोभा खाटेजवळ मातीत बसली होती. तिला तोवर समजून चुकलं होतं. इतकी वर्षं ती कोंबडीच्या गर्भातून ज्या गाठी काढून तबकडीत मांडत होती, त्या स्पर्शाच्या आणि दुखण्याच्या नसांच्या गाठी होत्या. हे प्रथिन ज्यांना सर्वांत आधी चेतवतं त्या याच नसा. त्या मेंदूच्या बाहेर असतात, त्यांच्याभोवती ते अस्तर नसतं. औषध पोचलं होतं. जिथं पोचू शकत होतं तिथं, अंगभर, पुरेपूर पोचलं होतं. मेंदूत फक्त त्याची कळ पोचली.

महादेवरावांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बाई," ते हात जोडून म्हणाले, "तुमी दवाखान्यातल्या ना? याईले सांगा ना. मले सोडाले सांगा."

तिनं वेदनाशामक गोळी पाण्यात कालवली, पण ती गिळतानाही त्यांचा जबडा दुखत होता. बंडू तुळशीपाशी उभा होता. तो काही वेळ बघत राहिला आणि मग त्यानं मुलीला उचललं, बायकोला, अनुसयाला, हाक मारली आणि मागच्या दारानं नर्सरीकडे निघून गेला.

ते दुखणं आठवडाभर राहिलं. शोभानं रजा काढली. त्यांच्या अंगाला हात लावायची सोय नव्हती, म्हणून ती कापूस कोमट पाण्यात भिजवून लांबून ठिबकवत त्यांचं अंग पुसायची. देवकाबाईंनी तिला एका शब्दानं बोल लावला नाही. फक्त एकदा, चुलीपुढे बसलेल्या असताना, ज्वारीच्या भाकरीला पाणी लावता लावता त्या म्हणाल्या, "तू शिकली नसती तं मले आशा लागलीच नसती." त्यांनी ते रागानं म्हटलं नव्हतं. भाकरी उलटली आणि दुसरी थापायला घेतली.

वर्ध्याला परतल्यावर शोभानं उंदीर महाविद्यालयाच्या प्राणिगृहाला देऊन टाकले. उबवणीची पेटी सूक्ष्मजीवशास्त्राच्या लोकांनी नेली. विभागप्रमुखांनी विचारलं, "आता जगभर यावर काम सुरू होतंय आणि तुम्ही सोडताय?" ती म्हणाली, "वीज टिकत नाही, सर." प्रेमदासला तिनं दुसऱ्या खोलीत काम लावून दिलं. वर्गात शिकवणं चालू राहिलं. प्रथिनांचा धडा आला की ती शेंगदाणे, डाळी, स्नायू, विकरं हे सगळं सांगायची आणि मेंदूचं पान वगळायची.

महादेवराव आणखी दोन वर्षं जगले. जगले म्हणजे श्वास चालू होता. गुडघे पोटाशी आखडून गेले, पाठीला जखमा झाल्या. शेवटी गिळताना अन्न श्वासनलिकेत गेलं, ताप आला आणि १९८९च्या उन्हाळ्यात, बाहेर मृगाच्या बहारासाठी झाडांचं पाणी तोडून ताण दिलेला असताना, ते गेले. शोभा पोचली तेव्हा तिरडी बांधून झाली होती. तेरवीच्या दिवशी वडलांची थोरली बहीण, शकुबाई आत्या, पंगतीत बोलून गेली, "आमचे अण्णाजी असेच गेले होते. माहा बाप. शेवटी शेवटी वावरातून घराकडं येनं भुलले होते. तवा लोक म्हनत, बाहेरचं झालं."

शोभाच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. समोर बंडू वाढत होता. त्यानंही ऐकलं होतं. त्यानं वर पाहिलं आणि दोघांची नजरानजर झाली. नंतर तो पुढच्या पानाकडे वळला.

त्या पावसाळ्यानंतर बंडू एकटाच वर्ध्याला आला. शोभाच्या खोलीवर तो याआधी कधी आला नव्हता. खुर्चीच्या कडेवर बसला. तिनं चहा केला. नर्सरी कशी आहे, चिमणी, म्हणजे आजोबांनी तशी हाक मारलेली त्याची मुलगी, कोणत्या वर्गात गेली, मायच्या गुडघ्याचं काय, असं थोडं बोलणं झालं. चहा संपल्यावर त्यानं कप खाली ठेवला.

"बाबाले कितव्या वर्षी सुरू झालतं?"

"पंचावन्न. त्याच्या आधीच असेल. आपल्याला कळलं नाही."

"आन् अण्णाजीले?"

"माहीत नाही. आत्यालाही आठवत नाही."

"हे रक्तातून येते?"

शोभा म्हणाली, "काही घराण्यांत येतं. कुणाला येईल, कुणाला नाही, हे आज सांगता येत नाही."

"निम्म्याले येते का?"

तो कुणाकडून ऐकून आला होता की अंदाजानं बोलला, तिला कळलं नाही. "काही घराण्यांत तसं दिसतं," ती म्हणाली.

बंडूनं मान हलवली. रस्त्यावर कुणी सायकल पंप करत होतं, तो आवाज खोलीत येत होता. तो एकतीस वर्षांचा होता, त्याला दोन लेकरं होती. त्याचा हात गुडघ्यावर होता आणि शोभाला दिसलं, अंगठ्याजवळ कलमाच्या चाकूचे बारीक व्रण होते, बापाच्या हाताला होते तसे.

"काही औषध निघंन तवरक?"

"लोक शोधताहेत."

"तू?"

"मी नाही."

त्यानं पिशवी उचलली. दाराशी गेला, चपला घातल्या, आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "ताई, मले झालं तं मले ते इंजेक्शन देऊ नको."

"नाही देणार."

"चिमणीनं म्हटलं तरी देऊ नको. माय म्हणन, अनुसया म्हणन. कोणी काही म्हणो."

"नाही, बंडू."

"आन् तुले झालं तं?" त्यानं विचारलं. आता त्यानं तिच्याकडे पाहिलं. "तुह्यापाशी कोन राह्यन, ताई? तू तं एकटी आहे."

ती चौकटीला हात लावून उभी राहिली. बंडूही थोडा वेळ थांबला, तिनं काही म्हणावं म्हणून. मग आर्वीच्या गाडीची वेळ झाली म्हणून तो गेला.